एका सीटीत किती एक्स-रे?

मे २०२१मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात ताप किती आहे, याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारला जायचा : स्कोअर किती आला? छातीच्या एचआरसीटीचा, म्हणजे बारकावे टिपणाऱ्या सीटी स्कॅनचा, तो पंचवीसपैकीचा स्कोअर; फुफ्फुसांत संसर्ग किती पसरला ते सांगणारा. लोक साधा खोकला आला तरी स्कॅन करून घेत होते. तेव्हा एम्सचे संचालक असलेले डॉ. रणदीप गुलेरिया यांनी इशारा दिला, की एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. त्यावर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच उत्तर दिलं : हा हिशेब जुना झाला, आता सीटी म्हणजे फार तर पाच-दहा एक्स-रे.

लोक चक्रावले. पण दोन्ही आकडे जमवता येतात. समोरून काढलेल्या छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला किरणांचा डोस मोजण्याचं एकक) किरणोत्सर्ग मिळतो. समोरून आणि बाजूने असे दोन काढले, तर ०.१पर्यंत. छातीच्या नेहमीच्या सीटीत ६ ते ७ मिलिसिव्हर्ट; कमी डोसच्या सीटीत एक-दीड, नव्या यंत्रांवर त्याहूनही कमी. सातला ०.०२ने भागलं की साडेतीनशे येतात, एकाला ०.१ने भागलं की दहा. (जमीन, हवा, आकाश यांच्याकडून आपल्याला वर्षाकाठी जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच.) सीटीचा डोस असा एकच नसतो. यंत्र कोणतं, सेटिंग काय आणि टेबलावर झोपलेला माणूस केवढा, यावर तो ठरतो.

डोस नुसता कमी करून का भागत नाही? कारण किरण कमी सोडले की चित्र दाणेदार होतं, आणि तो दाणेदारपणा निम्मा करायचा तर डोस चौपट लागतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली बहुतेक धडपड हे गणित चुकवण्यासाठी आहे.

त्यातली एक युक्ती तर सीटीइतकीच जुनी. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनजवळ विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. त्यांचं गणित चित्राचा अंदाज बांधायचं, तो मोजमापांशी ताडून पाहायचं आणि पुन्हा दुरुस्त करायचं. तेव्हाच्या संगणकांना हे फार जड जात होतं. म्हणून पुढे एका झटक्यात चित्र देणारी, पण दाणे वाढवणारी पद्धत रूढ झाली आणि चाळीसेक वर्षं टिकली. २००९च्या सुमारास संगणक ताकदवान झाले आणि फेऱ्याफेऱ्यांचं गणित परत आलं. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. तिचं चित्र कधीकधी इतकं गुळगुळीत येतं, की यकृतातली बारीक, फिकट गाठ त्यातच पुसली जाण्याची भीती असते. देखणं चित्र म्हणजे खरं चित्र, असं नाही.

दुसरा बदल यंत्राच्या डोळ्यातच झाला. किरण टिपणारा जुना डिटेक्टर दानपेटीतली नाणी वजनावर मोजावीत, तसं करतो : एक्स-किरणांचा आधी प्रकाश, मग त्या प्रकाशाची वीज आणि शेवटी एकूण वजन, त्यात विद्युत मंडलाचा गोंगाटही मिसळलेला. २०२१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला फोटॉन मोजणारा सीटी कॅडमियम टेल्युराइडच्या स्फटिकावर पडणारा प्रत्येक फोटॉन, म्हणजे किरणांचा एकेक कण, सुटा मोजतो आणि त्याची ऊर्जाही टिपतो. ठरावीक ऊर्जेखालचे सगळे संकेत तो धरतच नाही, त्यामुळे गोंगाट आपोआप गळतो. ही यंत्रं अजून फार महाग आहेत.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या सीटीत फरक सर्वांत ठळक दिसला. ठोक्याच्या नेमक्या क्षणीच किरण सोडणं, व्होल्टेज उतरवणं अशा उपायांनी २००७ ते २०१७ या काळात डोस ७८ टक्क्यांनी घटल्याचं एका आंतरराष्ट्रीय पाहणीत आढळलं.

आता लेड ॲप्रनबद्दल. पोटाच्या तपासणीत जननेंद्रियांवर शिशाचं आवरण ठेवण्याची सवय सोडा, असं अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९मध्ये सांगितलं. शरीराच्या आत विखुरणारे किरण त्या आवरणाने अडत नाहीत. शिवाय यंत्र हल्ली शरीराच्या जाडीनुसार किरण आपोआप कमी-जास्त करतं. मध्येच शिसं आलं की त्याला वाटतं, अडथळा मोठा आहे, आणि ते डोस वाढवतं. टेबलाची उंची चुकली तरी असाच घोळ होतो, सडपातळ माणूस यंत्राला जाडा दिसू शकतो. तंत्रज्ञ लेझरची रेघ बघत टेबल दोन बोटं वर-खाली करत असतो, ते उगाच नव्हे.

लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात २००९मध्ये उघड झालं, की बदललेल्या सेटिंगमुळे दोनशेहून अधिक रुग्णांना मेंदूच्या सीटीत आठपट डोस मिळाला होता. अठरा महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. एका रुग्णाचे केस गळाले तेव्हा शोध लागला. यंत्रं आधुनिकच होती.

मुलांच्या बाबतीत तर कसून चौकशी करावी. नऊ युरोपीय देशांतल्या नऊ लाखांहून अधिक मुला-तरुणांच्या २०२३च्या अभ्यासानुसार, हल्लीच्या डोसला स्कॅन केलेल्या दर दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचे एक-दोन रुग्ण वाढतात. डोक्याला जबर मार लागला असेल, तर या आकड्यापायी सीटी टाळणं मूर्खपणाचं. पण सोनोग्राफीने भागत असेल तिथे सीटी कशाला?

आपल्याकडे सीटी यंत्राला परवाना लागतो तो मुंबईच्या अणुशक्तीनगरमधल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा. रुग्णाच्या हाती मात्र एक सोपी गोष्ट आहे. स्कॅनच्या सीडीत बहुधा शेवटी डोसचं एक पान असतं, त्यावर ‘डीएलपी’ नावाचा आकडा, म्हणजे यंत्राने त्या स्कॅनमध्ये एकूण किती किरण दिले त्याचं माप. मोठ्या माणसाच्या छातीचा सीटी असेल, तर त्याला ०.०१४ने गुणा : ४०० असेल तर ५.६ मिलिसिव्हर्ट. पोटासाठी ०.०१५, डोक्यासाठी ०.००२१. मुलांसाठी हे गुणक मोठे असतात आणि वयानुसार बदलतात, त्यामुळे तो हिशेब रेडिओलॉजिस्टकडूनच करून घ्यावा.