गळ, बूच आणि सैनिकाचा सावध मेंदू

"ताई, पाय जरा हळू टाका. त्याला कळतं."

हातात पोह्यांचे डबे घेऊन मी तळ्याच्या काठाने भराभर चालले होते, तेव्हा हवालदारसाहेब दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. डिसेंबर २००१मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, पश्चिम सीमेवर सुरुंग पेरायचं काम निघालं आणि पुढच्या वर्षी त्याच कामात त्यांच्या पायाखाली एक सुरुंग फुटला. जमिनीवर पाऊल कसं टाकावं हे सांगायचा अधिकार त्यांच्याइतका कुणाचा असणार?

"त्याला" म्हणजे माशाला. आणि त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. रोहू हातात धरून नीट पाहिलात, तर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत दोन्ही कुशींवर ठिपक्यांची एक बारीक रेघ दिसते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या ठिपक्यांच्या आत केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात आणि त्यांच्या डोक्यावर जेलीसारखी मऊ टोपी असते. पाणी जरा हललं की टोपी झुकते, तंतू वाकतात, संदेश मेंदूकडे जातो. आपल्या कानाच्या आतही अशाच जातीच्या पेशी आहेत, त्यांच्यामुळेच आपण ऐकतो आणि तोल सांभाळतो. रोहू, कटला, मृगळ या मंडळींकडे आणखी एक सोय असते. पोटातली हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी चिमुकल्या हाडांची साखळी. अर्न्स्ट वेबर यांनी १८२०मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती वेबरची हाडं. पिशवी ढोलासारखी थरथरते आणि हाडं तो थरार कानापर्यंत नेतात. माझ्या चपलांचा हादरा मातीतून पाण्यात आणि पाण्यातून थेट त्या कानात पोचत होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. महू हे लष्कराचं गाव. १८१८च्या इंग्रज-होळकर तहानंतर तिथे छावणी पडली, आज पायदळाचं प्रशिक्षण विद्यालय तिथेच आहे. निवृत्तीनंतर महू-इंदूरकडेच स्थिरावलेली मराठी सैनिक कुटुंबंही आहेत. आम्ही काही इंदूरकरांनी वर्गणी काढली, काठ्या-रिळं आणली, एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी पाच जखमी माजी सैनिकांना चोरलच्या वाटेवरच्या एका ओळखीच्या काकांच्या शेततळ्यावर नेलं. काकांनी तिथे तीन वर्षांपूर्वी रोहू-कटल्याचं बीज सोडलं होतं. एवढीच ही सहल.

लोक म्हणतात, मासे धरायला बसलं की मन शांत होतं. मला हे वाक्य अर्धवट वाटतं. ज्याने गोळीबार पाहिला आहे, त्याच्या मेंदूतला पहारेकरी ड्युटी संपल्यावरही जागाच राहतो. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोक्याची पहिली घंटा तो वाजवतो. आघातानंतरच्या मानसिक तणावाच्या विकारात ही घंटा फार सहज वाजते आणि कपाळामागचा विचार करणारा भाग तिला आवरायला कमी पडतो. दिवाळीत लवंगी फुटली तरी छाती धडधडते, झोप तुटते, हॉटेलात पाठ भिंतीकडे आणि तोंड दाराकडे करूनच बसावं लागतं. अशा माणसाला "डोळे मिटा, शांत व्हा" म्हटलं, तर बऱ्याचदा उलटंच होतं. डोळे मिटणं म्हणजे पहारा सोडणं.

गळ टाकून बसलेल्या माणसाला पहारा सोडावा लागत नाही. उलट, पहारा हेच त्याचं काम. पाण्यावर बूच तरंगतंय. वाऱ्याने डुलतंय, की खालून कुणी चाचपतंय? हा फरक ओळखायचा. रोहू आधी आमिषाला नुसतं तोंड लावतो, बूच दोन-तीनदा टिचकी मारल्यासारखं हलतं, मग एकदम तिरकं होऊन खाली जातं. सावधपणा तोच, पण चुकलं तर जातो फक्त कणकेचा गोळा. त्या सकाळी तास-दीड तास माझ्या समोर काठी धरलेली माणसं डोळे न मिटता, ताठ बसून, पूर्ण जागी होती आणि त्यांचे खांदे खाली आले होते. खांदे बघायची मला व्यवसायामुळे सवयच आहे.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८०च्या दशकात यामागची एक कल्पना मांडली. ट्रॅफिकमध्ये गाडी चालवताना किंवा हिशेब तपासताना आपण लक्ष जबरदस्तीने एका जागी धरून ठेवतो आणि ते थकतं. वाहतं पाणी, हलणारी पानं, ढग यांच्याकडे लक्ष आपसूक जातं आणि तेवढ्यात थकलेलं लक्ष विसावा घेतं. रॉजर उलरिच यांनी १९८४मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले.

जखमी सैनिकांच्या मासेमारीचं पद्धतशीर काम अमेरिकेत झालं. २००५मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात एड निकल्सन या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' सुरू केलं. हात-पाय गमावलेले तरुण सैनिक आधी रुग्णालयाच्या हिरवळीवर काठी फेकायला शिकत आणि मग नदीवर जात. २०१३मध्ये एका अभ्यासात आघाताचा विकार असलेल्या ७४ माजी सैनिकांना अशा काही दिवसांच्या मुक्कामी नेलं गेलं. त्यांची चिंता, उदासी, झोप सुधारली आणि सहा आठवड्यांनंतरही बराच फरक टिकून होता. पण हा प्राथमिक अभ्यास होता, तुलनेसाठी न गेलेल्यांचा वेगळा गट नव्हता. त्यामुळे श्रेय पाण्याचं किती, सोबतीचं किती आणि घराबाहेर पडण्याचं किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. औषधं आणि समुपदेशन यांच्या जागी तळं ठेवा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

आमच्यातल्या एकांना उजवा हात कोपराखाली नाही. कमरेच्या पट्ट्याला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा बांधला, काठीचं बूड त्यात रोवलं आणि रीळ डाव्या हाताने. त्यांची खरी तक्रार नसलेल्या हाताची आहे. रात्री तो हात मूठ आवळतो, नखं तळव्यात रुतल्यासारखी कळ येते आणि उघडायला तर मूठच नाही. सायलस वीर मिचेल या अमेरिकी यादवी युद्धातल्या डॉक्टरने १८७१मध्ये अशा अवयवाला आभासी अवयव म्हटलं. हात जातो, पण मेंदूतला हाताचा नकाशा जागच्या जागी राहतो. त्या नकाशाचं पुढे नेमकं काय होतं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. १९९०च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी साधा आरसा वापरला. शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल असा तो ठेवायचा, शाबूत मूठ उघडायची, म्हणजे मेंदूला दुसरीही उघडलेली दिसते. २००७मध्ये वॉल्टर रीडमध्येच पाय गमावलेल्यांवर याची चाचणी झाली. चार आठवड्यांनी आरसा वापरणाऱ्या गटातल्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं होतं. झाकलेला आरसा आणि नुसती कल्पना करणं या दोन्ही गटांत तसं झालं नाही.

हे गृहस्थ घरी आरशाचा व्यायाम करतात, मीच शिकवला आहे. पण तो करताना कंटाळतात. त्या दिवशी दीड-दोन किलोचा कटला लागला, काठी वाकली, रीळ करकरलं आणि पाच-सात मिनिटं त्यांचं सगळं शरीर त्या दोरीच्या टोकाशी होतं. मासा काठाला आल्यावर म्हणाले, "ताई, मूठ सुटली होती." एका माणसाच्या एका सकाळीवरून काही सिद्ध होत नाही. लक्ष दुसरीकडे असताना मेंदू वेदनेचे संदेश वाटेतच दाबतो, हे मात्र नीट माहीत आहे. जखमी माणूस आधी सुरक्षित जागी पोचतो आणि कळ त्याला नंतर जाणवते, ती याचमुळे.

एका सुभेदारसाहेबांनी काठी घेतलीच नाही. "आता कुणाला काही टोचायचं नाही," एवढंच बोलले आणि हातजाळी घेऊन उभे राहिले. मला ते मनापासून पटलं. माशाच्या तोंडात इजा ओळखणारे चेतातंतू असतात, हे ट्राउटवरच्या संशोधनातून २००३मध्ये दिसलं आहे. म्हणून आम्ही प्रत्येक गळाची उलटी नांगी पकडीने दाबून सपाट केली होती आणि मासा धरण्याआधी हात ओले करायचे असं ठरवलं होतं, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जंतुसंसर्ग होतो. सुभेदारसाहेबांनी सगळे मासे आपल्या हाताने परत सोडले. कटल्याला तर त्यांनी पाण्यात कितीतरी वेळ सरळ धरून ठेवलं, कल्ले नीट उघडमीट व्हायला लागेपर्यंत.

आणि सर्वांत जास्त मासे कुणाला लागले? व्हीलचेअरवरच्या नायकसाहेबांना. चार. याला नशीबाइतकंच प्रकाशाचं वक्रीभवनही कारणीभूत असावं. माशाला पाण्याबाहेरचं सगळं जग वर सुमारे ९७ अंशांच्या गोल झरोक्यातून दिसतं. काठावरची ठेंगणी वस्तू त्या झरोक्याच्या कडेला चेपून जाते. उभा माणूस ठळक दिसतो, बसलेला जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय चेअर एकदा लावली की पावलांचा आवाज नाही. माझी काळजी वेगळीच होती. कमरेखाली संवेदना नसलेल्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायला हवं, नाहीतर दाबाने जखमा होतात. बुचाकडे बघताना ते हे साफ विसरले. शेवटी मी फोनवर गजर लावला, तोही थरथरणारा, हवालदारसाहेबांच्या धाकाने.

नायकसाहेबांचा आदर्श म्हणजे मुरलीकांत पेटकर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला हा मराठी जवान १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला, भारताचं पहिलं. परतीच्या गाडीत त्यांची गोष्ट महू येईपर्यंत चालली.

पुढची खेप फेब्रुवारीअखेर. माशाचं शरीर पाण्याइतकंच गरम असतं, त्यामुळे जानेवारीच्या माळव्यातल्या थंडीत त्याचं पचन मंदावतं आणि तो आमिषाला फारसा विचारत नाही. १६ जून ते १५ ऑगस्ट हा मध्य प्रदेशात माशांच्या विणीचा बंदीकाळ. काकांचं तळं नदीला जोडलेलं नाही, तरी आम्ही तो पाळणार आहोत. तोवर काठावर व्हीलचेअरसाठी उतार करायचा आहे. मी प्लायवूडचे पत्रे टाकायचं सुचवलं. हवालदारसाहेबांनी काठीने जमीन दोन ठिकाणी ठोकून पाहिली आणि मान हलवली.

"प्लायवूड वाजतं, ताई. खाली माती ठोकून घ्या आणि वर फरशी बसवा."