सांगाड्याच्या छातीवरचा आकडा

अंधाऱ्या भुयारातून एक सांगाडा चालून येतो. त्याच्या छातीवर आकडा असतो, समजा १८. खेळणाऱ्या मुलाकडे वेगवेगळे वार असतात आणि प्रत्येक वाराला एक संख्या दिलेली असते. त्या संख्येने १८ ला पूर्ण भाग गेला तर सांगाडा कोसळतो. नाही गेला तर तोच मुलावर चाल करतो. ३ चा वार लागू पडतो, ५ चा फुकट जातो.

'झॉम्बी डिव्हिजन' हा गेम ७ ते ११ वर्षांच्या मुलांवरच्या एका संशोधनासाठी बनवला होता. जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ या इंग्लंडमधल्या संशोधकांनी त्याच्या तीन आवृत्त्या केल्या. पहिलीत भागाकार हेच शस्त्र. दुसरीत तीच लढाई, तेच सांगाडे, पण गणित लढाईतून काढून लेव्हलच्या शेवटी प्रश्नमंजूषेत टाकलेलं. तिसरीत गणितच नाही. ५८ मुलांना यांपैकी एकेक आवृत्ती दोन तास खेळायला दिली, सोबत त्यांचे वर्गशिक्षक होते. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पहिल्या आवृत्तीवर मुलं जास्त शिकली. दुसऱ्या प्रयोगात १६ मुलांना हवी ती आवृत्ती निवडायची मोकळीक दिली, तर त्यांनी लढाईत गणित असलेल्या गेमवर सातपट वेळ घालवला. गणित असूनही नव्हे, बहुधा गणितामुळेच.

शैक्षणिक गेम बनवणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने हा निष्कर्ष भिंतीवर लावावा, असं मला वाटतं. कारण आजही पुष्कळ गेम दुसऱ्या आवृत्तीसारखेच असतात. धावा, उड्या मारा, नाणी गोळा करा, मध्येच एक गणित सोडवा, पुन्हा धावा. कडू गोळी साखरेत घोळवायची, तसं. मूल साखर चाटतं आणि गोळी थुंकून टाकतं. शिवाय गोळी कडू असते हा समज तो गेमच पक्का करतो. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायला मनापासून आवडणारी बालवाडीतली मुलं निवडली. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. आवडीच्या कामाला बक्षिसाचं लेबल लागलं आणि आवडच आटली. पॉइंट आणि बॅज उधळणाऱ्या गेम डिझायनरला हे ठाऊक असायलाच हवं.

मग धडा गेममध्ये ठेवायचा कुठे? याचं माझं आवडतं उत्तर बरंच जुनं आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात शिक्षकाचं प्रशिक्षण घेणाऱ्या डॉन रॅविच, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या तीन तरुणांनी 'ओरेगॉन ट्रेल' हा गेम लिहिला. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांचा तो प्रवास. पडदा नव्हताच, टेलिप्रिंटर कागदावर मजकूर छापायचा आणि मुलं त्याच कागदावर उत्तर टाइप करायची. पुढे राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत काम करताना रॅविच यांनी त्या काळच्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचल्या. वाटेत आजारपण किती वेळा येई, खराब हवामान किती वेळा गाठे, हे त्यातून काढलं आणि गेममधल्या घटनांच्या शक्यता त्याप्रमाणे बदलल्या. त्या प्रवासाचा इतिहास असा फाशांच्या दानात उतरला. अन्न कमी घेतलं तर काय होतं, हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही. ते अर्ध्या वाटेवर उपाशी राहून कळतं.

स्टुडिओतलं खरं काम म्हणूनच कोड लिहिण्याच्या बरंच आधी सुरू होतं. विषयतज्ज्ञ, डिझायनर आणि चित्रकार एका टेबलाभोवती बसतात आणि एकच प्रश्न उगाळतात: या विषयाचा विचार करताना माणूस मनात नेमकं काय करतो? अपूर्णांक शिकताना तो समान वाटे पाडतो. समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना एकच क्रिया करतो. ती मनातली कृती हाताच्या कृतीत उतरली पाहिजे. पहिला नमुना बहुतेक वेळा कागद, कात्री आणि सोंगट्यांचाच असतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमानी यांनी २००८ मध्ये कमी उत्पन्न गटातल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० घरांचा एक साधा पट दिला. चकती फिरवायची, १ किंवा २ घरं पुढे जायचं आणि प्रत्येक घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. दोन आठवड्यांत प्रत्येकी सुमारे १५ मिनिटांची चार सत्रं. मुलांची संख्यांची समज स्पष्टपणे सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकली. तोच पट आकड्यांऐवजी रंगांचा केला तेव्हा तसं काही झालं नाही.

नमुना तयार झाला की मुलं येतात. प्लेटेस्टमध्ये, म्हणजे मुलं गेम खेळून पाहतात तेव्हा, बनवणाऱ्याने मुलाच्या मागे गप्प बसायचं असतं. वर्षभर खपून बनवलेल्या गेममध्ये मूल अडकलेलं दिसतं, 'अरे, ते हिरवं बटण!' असं ओठांवर येतं आणि ते गिळावं लागतं. मूल बटणाशी अडलंय की कल्पनेशी, हे याच शांततेत समजतं. बटणाशी अडलं तर चूक स्टुडिओची, ती लगेच दुरुस्त करायची. कल्पनेशी अडलं तर तिथे हात लावण्याआधी शंभरदा विचार करायचा, कारण शिकणं त्याच जागी घडत असतं. दोन्ही अडथळे सारखेच समजून काढून टाकले, तर गेम लोण्यासारखा गुळगुळीत होतो आणि त्यात शिकण्याजोगं काही उरत नाही.

हा धोका खरा आहे. 'ड्रॅगनबॉक्स' हा बीजगणिताचा गेम २०१२ मध्ये नॉर्वेतल्या एका स्टुडिओने आणला. पटाच्या दोन बाजू, त्यावर चित्रांची पानं आणि एक पेटी. पेटी एकटी पडेपर्यंत बाकीची पानं हटवायची. हळूहळू चित्रांच्या जागी अक्षरं आणि अंक येतात, पेटीची जागा 'क्ष' घेतो आणि आपण समीकरण सोडवत होतो हे मुलाच्या लक्षात येतं. रचना अतिशय सुंदर आहे. तरीही कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी या गेमची एका साध्या शिकवणी-सॉफ्टवेअरशी तुलना केली तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. गेममध्ये मुलं जास्त रमली, पण कागदावरची नेहमीची समीकरणं सोडवण्यात सॉफ्टवेअरवाली मुलं पुढे गेली.

असं का व्हावं? मला एक कारण गेमच्या आतच दिसतं. एका बाजूला पान ठेवलं की दुसऱ्या बाजूलाही तेच ठेवल्याशिवाय गेम पुढे जाऊ देत नाही. बीजगणिताचा सर्वांत महत्त्वाचा नियम गेमच सांभाळतो, मुलाला तो आठवावाच लागत नाही. आणि जे आठवावं लागत नाही ते पक्कं होत नाही. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी दाखवलं होतं, की उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो स्वतः आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभराने जास्त लक्षात राहतो. भुयारातला सांगाडा नेमकं हेच करायला लावतो. प्रत्येक आकडा म्हणजे पाढे आठवण्याची एक वेळ आणि निकाल क्षणात हजर.

निकाल हजर असला तरी तो वाचणं सोपं नसतं. मुलाने बरोबर वार केला म्हणजे त्याला भागाकार येतो का? कदाचित अंदाज लागला असेल. चुकला म्हणजे येत नाही का? कदाचित बोट घसरलं असेल. आल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी १९९५ मध्ये मांडलेली एक गणिती पद्धत या दोन्ही शक्यता हिशोबात धरते आणि प्रत्येक उत्तरानंतर 'याला हे येत असण्याची शक्यता' नव्याने काढते. स्टुडिओ अशा पद्धतींनी पुढची लेव्हल किती अवघड असावी हे ठरवू शकतो. पण हा हिशोब गेमच्या आतला. त्याने जे कळत नाही ते कळायला गेम बंद करून मुलापुढे कोरा कागद ठेवावा लागतो. त्यावर फक्त १८ लिहायचं, सांगाडा नाही, तलवार नाही, आणि विचारायचं, याला कशाकशाने भाग जातो?