फ्लॅश उडाला म्हणून सांबर वाट सोडत नाही

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात हे हमखास ऐकू येतं: "झाडाला कॅमेरे बांधले, लाईट मारली, सांबरं पळाली ती पळालीच." निम्मं खरं, निम्मं ऐकीव.

म्हादईसारख्या अभयारण्यात या कॅमेऱ्यांपुढून प्राणी गेला की आपोआप फोटो निघतो; त्यातले वाघ अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळखतात. चालत्या वाघाचे पट्टे रात्री स्पष्ट यावेत म्हणून पांढरा फ्लॅश वापरतात. त्याने भेकर दचकतं, कधी उडी मारून पळतंही. पण ती वाट कायमची सोडत नाही.

बाकी बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅश असतो इन्फ्रारेडचा, 850 किंवा 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. लाल रंगच त्यांना धड दिसत नाही, त्यापलीकडचं इन्फ्रारेड काय दिसणार? 850 वाल्याचे दिवे मात्र जवळून मंद लाल दिसतात, तेवढी शंका राहू द्या.

मग बुजतात कशाला? कॅमेऱ्याची बारीक टिकटिक आणि तो बांधायच्या पट्ट्याला लागलेला आपल्या घामाचा वास. ओलं नाक लेन्सला टेकवून हुंगणारं भेकर फोटोत येतं, ते त्यापायीच. सेल बदलायला दर आठवड्याला जाणारे आपणच जास्त त्रासदायक!