लेक्सिंग्टनची नवी पोरं : केंटकीच्या चाहत्यांच्या आशेमागचा आणि धाकधुकीमागचा इतिहास

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरात मेमोरियल कोलिसियम नावाचं १९५० साली बांधलेलं क्रीडागृह आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याच्या आजूबाजूच्या हिरवळीवर शेकडो तंबू पडायचे. आजीआजोबा, नातवंडं, विद्यार्थी, सुट्टी टाकून आलेले कामगार असे सगळे तिथे मुक्कामाला असायचे. रांग तिकिटांची असायची, पण तिकीट सामन्याचं नसायचं. केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या पहिल्या जाहीर सरावाचं ते तिकीट. त्या संध्याकाळी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. यंदा आलेली अठरा-एकोणीस वर्षांची नवी पोरं कशी दिसतात, कशी पळतात, एवढंच पाहायचं असतं. १९८२ साली प्रशिक्षक जो हॉल यांनी ही प्रथा मध्यरात्रीच्या सरावाने इथे सुरू केली.

या वेडामागे साधं कारण आहे. केंटकीत एनबीएचा, म्हणजे देशातल्या सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल साखळीचा, संघ नाही. लुईव्हिलचा ‘केंटकी कर्नल्स’ हा व्यावसायिक संघ १९७६मध्ये बंद पडला, त्यानंतर त्या दर्जाचा दुसरा आला नाही. त्यामुळे कोळशाच्या खाणींच्या पूर्वेकडल्या डोंगरांपासून पश्चिमेकडच्या तंबाखूच्या शेतांपर्यंत बहुतेक गावांचा संघ एकच, विद्यापीठाचा. आणि कॉलेजचा संघ दर वर्षी बदलतो. जुने पदवी घेऊन जातात, नवे भरती होतात. प्रशिक्षक देशभरच्या शाळांच्या व्यायामशाळा पालथ्या घालतात, मुलांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. मुलगा सही करतो त्या दिवसापासून चाहत्यांच्या बोलण्यात दोन वाक्यं सुरू होतात. ‘हा भारी आहे म्हणतात.’ आणि लगेच दुसरं, ‘पण इथे चालेल का?’

हे दुसरं वाक्य पूर्वीही होतं. फक्त त्याचं उत्तर मिळायला तेव्हा भरपूर वेळ असायचा. मुलगा गावात येतो आणि गाव सोडून जातो, यांमधला काळ गेल्या पन्नास वर्षांत आकसत गेला. केंटकीच्या चाहत्यांची आजची धाकधूक समजून घ्यायची तर या आकसण्याकडे पाहायला हवं.

१९७२पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळायला सहसा परवानगीच नव्हती. त्यांचा वेगळा संघ असे. त्या नियमाची सगळ्यात गाजलेली गोष्ट कॅलिफोर्नियातली आहे. नोव्हेंबर १९६५मध्ये यूसीएलएच्या नवशिक्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या मुख्य संघाला ७५-६० असं हरवलं, आणि तो मुख्य संघ लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता. नवशिक्यांत लू अल्सिंडर होता, पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगाला माहीत झालेला. तरी त्याला अधिकृत सामन्यासाठी वर्षभर थांबावंच लागलं. चाहत्यांच्या दृष्टीने ते वर्ष मोठं सोयीचं असे. मुलगा वर्गात, रस्त्यावर, छोट्या सामन्यांत दिसायचा. त्याच्याबद्दलची आशा आणि शंका दोन्ही हळूहळू मुरायच्या.

केंटकीत तो काळ अडॉल्फ रप यांचा. १९३०पासून १९७२पर्यंत तेच प्रशिक्षक होते. ८७६ विजय आणि १९४८, १९४९, १९५१, १९५८ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. पण त्या काळातल्या भरतीचा इतिहास सांगताना एक गोष्ट गाळून चालणार नाही. कोण आलं याइतकंच कोण येऊ शकलं नाही हेही महत्त्वाचं. १९६६च्या अंतिम सामन्यात रप यांचा पूर्ण गोरा संघ टेक्सास वेस्टर्नकडून हरला, ज्यांचे सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. केंटकीतल्याच लुईव्हिलचा कृष्णवर्णीय वेस अनसेल्ड, जो पुढे एनबीएचा महान खेळाडू झाला, तो लेक्सिंग्टनला न येता लुईव्हिल विद्यापीठात गेला. केंटकीने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९६९मध्ये. राज्यातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मनात या संघाविषयी जी अढी बसली, ती नियम बदलून निघण्यासारखी नव्हती. पुढच्या प्रशिक्षकांना ती एकेका घरात बसून, एकेका आईशी बोलून दूर करावी लागली.

पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळायची मुभा मिळाल्यावरही बहुतेक जण चार वर्षं राहत. सॅम बोवीचं उदाहरण घ्या. पेनसिल्व्हेनियाचा हा सात फुटी मुलगा १९७९मध्ये आला तेव्हा त्याच्याभोवती केवढी स्वप्नं गुंफली गेली. मग पायाचं हाड मोडलं आणि सलग दोन हंगाम तो बसून राहिला. चाहते थांबले. १९८४मध्ये तो परतून संघाला उपांत्य फेरीपर्यंत घेऊन गेला. तिथे जॉर्जटाउनविरुद्ध उत्तरार्धात केंटकीचे ३३पैकी फक्त ३ फटके बास्केटमध्ये पडले आणि संघ हरला, तो भाग वेगळा. बोवी लेक्सिंग्टनमध्ये पाच वर्षं होता, आणि पाच वर्षांत माणूस घरचा होतो.

मग १९८८. नव्याने भरती झालेल्या एका खेळाडूच्या वडिलांच्या नावे निघालेलं एक कुरिअरचं पाकीट लॉस एंजेलिसमध्ये उघडलं गेलं आणि त्यात १००० डॉलर रोख निघाले. पाठवणाऱ्याच्या जागी केंटकीच्या सहप्रशिक्षकांचं नाव होतं. त्यांनी आरोप शेवटपर्यंत नाकारला आणि कुरिअर कंपनीवर दावाही लावला. पण चौकशीत बाकीही बरंच बाहेर आलं आणि १९८९मध्ये संघावर दोन वर्षांची राष्ट्रीय स्पर्धेची बंदी आली. मोठी नावं निघून गेली.

राहिली ती चार मुलं. रिची फार्मर, जॉन पेल्फ्री, डेरॉन फेल्डहॉस हे तिघे केंटकीच्या छोट्या गावांतले, आणि शॉन वूड्स इंडियानापोलिसचा. भरतीच्या वेळी या चौघांवरून कुणी राष्ट्रीय विजेतेपदाची स्वप्नं पाहिली नव्हती. नवे प्रशिक्षक रिक पिटिनो आले, चौघे त्यांच्या हाताखाली घडले, आणि बंदी उठल्यावर १९९२मध्ये ड्यूक विद्यापीठाविरुद्ध फिलाडेल्फियात त्यांनी जो सामना खेळला, तो आजही केंटकीत घराघरांत सांगितला जातो. जादा वेळेत वूड्सने संघाला १०३-१०२ अशी आघाडी मिळवून दिली. २.१ सेकंद उरले होते. ग्रँट हिलने मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून चेंडू फेकला, क्रिश्चन लेटनरने तो घेतला, वळला आणि मारला. १०४-१०३. काही दिवसांतच विद्यापीठाने चौघांच्या जर्सी रप अरेना या संघाच्या घरच्या मैदानाच्या छताला टांगल्या. ‘अनफर्गेटेबल्स’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. केंटकीकडे आज आठ विजेतेपदं आहेत, आणि या चौघांकडे एकही नाही. तरी जुन्या चाहत्याला आवडता संघ विचारला की अनेकदा १९९२चं उत्तर येतं. माझ्या लेखी केंटकीच्या चाहत्यांविषयीची सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे.

काळ खरा आकसला तो २००६ला. त्याआधी दहा वर्षं केव्हिन गार्नेट, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स यांच्यासारखी मुलं शाळेतून थेट एनबीएत जात होती. एनबीएने २००५मध्ये खेळाडू संघटनेशी करार करून ते थांबवलं. २००६पासून ड्राफ्टसाठी, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू घेतात त्या निवडीसाठी, वय किमान १९ हवं आणि शाळा सोडून एक वर्ष झालेलं हवं. परिणाम असा की देशातली सगळ्यात गुणी मुलं बरोबर एका वर्षासाठी कॉलेजात येऊ लागली. या प्रकाराला ‘वन-अँड-डन’ हे नाव पडलं.

तो प्रवाह केंटकीकडे वळवला जॉन कॅलिपारी यांनी. ते २००९मध्ये मेम्फिसहून आले आणि पहिल्याच वर्षी जॉन वॉल, डीमार्कस कझिन्स, एरिक ब्लेडसो यांना घेऊन आले. संघ झपाटल्यासारखा खेळला आणि अखेरच्या आठांत वेस्ट व्हर्जिनियाकडून हरला. तीन गुणांचे पहिले वीस फटके एकामागोमाग चुकले. त्या जूनमध्ये केंटकीचे पाच खेळाडू एनबीए ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडले गेले, तेव्हा कॅलिपारींनी हा केंटकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस असल्याचं म्हटलं. विजेतेपदांचे ध्वज मोजत वाढलेल्या लोकांना हे लागलं. प्रशिक्षक आणि चाहते एकाच संघाकडून वेगवेगळ्या गोष्टींची आशा करत होते, हे तिथे पहिल्यांदा उघड झालं.

तरी २०१२ने सगळ्यांची तोंडं गोड केली. अँथनी डेव्हिस हा शिकागोचा मुलगा शाळेत काही इंच उंच होता होता गार्डचा (चेंडू खेळवणाऱ्याचा) सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) झाला होता. त्याआधी त्याला फारसं कुणी विचारतही नव्हतं. अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध त्याचे गुण फक्त ६, पण १६ रिबाउंड (चुकलेल्या फटक्यांचे पकडलेले चेंडू) आणि ६ ब्लॉक (अडवलेले फटके). केंटकी ६७-५९ने जिंकली. नवख्या पोरांच्या जिवावर विजेतेपद मिळतं हे सिद्ध झालं. मात्र त्या संघात डॅरियस मिलर नावाचा केंटकीतल्याच मेसव्हिलचा चौथ्या वर्षाचा मुलगाही होता. यशाचा हिशेब मांडताना त्याला विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढच्याच वर्षी नर्लेन्स नोएल आला. फेब्रुवारी २०१३मध्ये फ्लोरिडात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचलाच नाही, दुय्यम स्पर्धेत रॉबर्ट मॉरिस या छोट्या विद्यापीठाकडून ५९-५७ हरला. नोएल जूनमध्ये ड्राफ्टमध्ये गेला. बोवीसाठी गाव दोन वर्षं थांबलं होतं, नोएलसाठी थांबायची सोयच नव्हती. यात मुलाचा दोष शून्य. गुडघा त्याचा, भवितव्य त्याचं.

त्यानंतरच्या वर्षी ज्युलियस रँडल आणि जुळे हॅरिसन बंधू आले तेव्हा ‘४०-०’ (चाळीस विजय, एकही पराभव नाही) छापलेले टी-शर्ट हंगामाआधीच अंगावर चढले होते. मार्चपर्यंत दहा सामने गमावले होते आणि चाहते हात झटकून बसले होते. मग आठव्या मानांकनावरून त्याच मुलांनी अपराजित विचिता स्टेटला हरवलं, एरन हॅरिसनने लागोपाठ सामने शेवटच्या क्षणी जिंकून दिले, आणि संघ थेट अंतिम सामन्यात जाऊन कनेटिकटकडून ६०-५४ हरला. पोरं एकमेकांना ओळखायला लागली तीच मुळी मार्चमध्ये, आणि एप्रिलमध्ये त्यांतली काही निघून गेली. २०१५चा संघ ३८-०वर असताना उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरला. कार्ल-अँथनी टाउन्स, डेव्हिन बुकर त्याच संघातले. बुकर तर राखीव खेळाडूंत होता.

मग उतार लागला. २०२०-२१मध्ये देशातल्या सर्वोत्तम भरतींपैकी एक हाताशी असून ९ विजय, १६ पराभव. करोनामुळे सराव धड झाला नव्हता, स्टँड रिकामे होते. त्या भरतीतल्या टेरेन्स क्लार्कला पायाच्या दुखापतीमुळे आठच सामने खेळता आले. एप्रिल २०२१मध्ये ड्राफ्टची तयारी करत असताना लॉस एंजेलिसमध्ये मोटार अपघातात तो गेला. एकोणीस वर्षांचा होता. भरतीआधी मुलांवर पंचतारांकित, चौतारांकित असे शिक्के मारताना आपण कुणाच्या वयाबद्दल बोलतो आहोत, हे त्या दिवशी संपूर्ण केंटकीला जाणवलं.

२०२२मध्ये सेंट पीटर्सकडून आणि २०२४मध्ये ओकलंडकडून पहिल्याच फेरीत पराभव झाला. ओकलंडच्या जॅक गोल्कीने तीन गुणांचे दहा फटके मारले. तो पदवीनंतरचं वर्ष खेळत होता, आणि समोर केंटकीची पहिल्या वर्षाची पोरं. त्यांत केंटकीतल्याच लंडन गावचा रीड शेपर्ड होता. त्याचे आई आणि वडील दोघेही केंटकीसाठी खेळलेले. गावाने त्याला अंगाखांद्यावर खेळवल्यासारखा जीव लावला होता. एका हंगामानंतर तोही ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच वसंतात कॅलिपारी आर्कान्सॉला गेले.

तोपर्यंत भरतीचा अर्थही बदलला होता. जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला. त्याच वर्षी एक हंगाम बाहेर न बसता विद्यापीठ बदलायची मुभा मिळाली. पुढे तिच्यावरची मर्यादाही गेली. दशकानुदशकं मैदान भरवून देणाऱ्या मुलांना पैसा मिळतोय, हे मला मनापासून पटतं. पण चाहत्याची अडचण दुप्पट झाली. आता फक्त शाळेतून येणाऱ्यांचा नाही, दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या खेळाडूंचाही अंदाज घ्यायचा, आणि तोही दर वर्षी नव्याने.

१९९६च्या विजेत्या संघाचा कर्णधार मार्क पोप प्रशिक्षक म्हणून परतला. एप्रिल २०२४मध्ये त्याच्या स्वागताला रप अरेना खचाखच भरलं. जुने खेळाडू बसमधून उतरले. आणि तेव्हा संघ म्हणावा तर जवळपास नव्हताच. त्या हंगामासाठी शिष्यवृत्तीवरचा एकही जुना खेळाडू उरला नाही. पोपने सगळा संघ नवा उभा केला. सॅन डिएगो स्टेटहून आलेल्या लॅमॉन्ट बटलरने डिसेंबरमध्ये लुईव्हिलविरुद्ध दहापैकी दहा फटके लगावून ३३ गुण केले. संघ अखेरच्या सोळांपर्यंत गेला. बटलरचं कॉलेजातलं ते शेवटचंच वर्ष होतं.

त्या संघात केंटकीच्या शाळांतून आलेले दोघे नवखे होते. लायन काउंटीच्या ट्रॅव्हिस पेरीने केली कोलमनचा १९५६पासूनचा राज्याचा सर्वाधिक शालेय गुणांचा विक्रम मोडला होता. दुसरा पूर्वेकडच्या हार्लन काउंटीचा, खाणींच्या मुलखातला ट्रेंट नोआ. दोघं मैदानात उतरली की रप अरेनात वेगळाच आवाज उठायचा. २०२५च्या वसंतात पेरी मिसिसिपी विद्यापीठात गेला. नोआ राहिला.