जुन्या रीफ टाकीतले बारके जीव

रीफ टाकी म्हणजे घरातली काचेचीच टाकी, पण पाणी समुद्रासारखं खारं, लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम क्षार, आत भोकाभोकांचे खडक, खडकांवर मशरूम, झोआ, झेनिया असली मऊ पोवळी आणि मासे असलेच तर चार-दोन. अशी टाकी न मोडता, न धुता चार-पाच वर्षं चालली की तिच्यात असे जीव दिसायला लागतात जे कुणी विकत आणलेलेच नसतात. पाहुणे क्लाउनफिश बघून जातात, मालक मात्र रात्री लाइट बंद झाल्यावर लाल टॉर्च घेऊन खडकामागं डोकावत बसतो, कारण या बारक्या मंडळींना लाल उजेड फारसा कळत नाही आणि ती बिनधास्त फिरतात.

नव्या टाकीत हे होत नाही. पहिले काही आठवडे अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसण्यातच जातात, मग तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ, आणि ह्या सगळ्यातून गेल्यावर कुठं खडकाच्या सावलीतल्या बाजूला स्पंज आणि नळीतले किडे जागा धरतात. खडकांच्या जोरावर टाकी चालवायची ही कल्पना जुनी आहे, इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये ती छापून मांडली होती, फिल्टरचा थाटमाट न करता जिवंत खडक, म्हणजे जिवाणू आणि बारके जीव वस्तीला असलेला समुद्रातला खडक, आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच. फक्त त्यांच्या अंगणाशी समुद्र होता. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांना किनारा नाही, संभाजीनगरहून मुंबई गाठायची तरी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर जावं लागतं, आणि समुद्रातून खडक उचलून आणणं कायद्यातही बसत नाही. म्हणून इकडं कोरडा किंवा सिरॅमिकचा खडक लावतात आणि कुणाच्या तरी जुन्या टाकीतली मूठभर वाळू, एखादा खडकाचा तुकडा मागून आणून विरजण लावल्यासारखा आत सोडतात. पुढं टाकीत जे काही वळवळतं ते सगळं त्या मुठीतून किंवा पोवळ्याच्या बुडाला चिकटून आलेलं असतं, त्यामुळं ज्याच्याकडं जुनी टाकी आहे त्याच्याकडं नव्या लोकांची ये-जा चालूच राहते.

सगळ्यात आधी दिसतात ते पॉड्स. कोपेपॉड म्हणजे काचेवर सरकणारे पांढरे ठिपके, एक मिलीमीटरच्या आसपास, आणि ॲम्फिपॉड त्याहून मोठे, वाकड्या पाठीचे, दगड हलवला की तिरके पळणारे. शेवाळ, उरलेलं खाद्य, कचरा खाऊन हेच टाकी साफ ठेवतात आणि स्वतः माशांच्या पोटात जातात. त्यांना लपायला जागा पाहिजे म्हणून बरेच जण बाजूला वेगळा कप्पा करून त्यात चिटो नावाचं तारेच्या गुंत्यासारखं शेवाळ वाढवतात, त्याला रिफ्युजियम म्हणतात. मग स्पायरॉर्बिस हे नळीतले किडे, पंपाच्या अंगावर पांढऱ्या बारीक चकल्या दिसतात ते, काही करत नाहीत, पाणी गाळून खातात. नवीन माणूस घाबरतो तो केसाळ किड्याला, ब्रिसलवर्मला, आणि चिमट्यानं काढायला लागतो, वास्तविक तो मेलेलं-कुजलेलं खाणारा कामाचा गडी आहे, फक्त उघड्या हातानं धरू नये, केस बोटात घुसून आग होते. खरी भीती युनिस जातीच्या लांब किड्यांची. इंग्लंडमधल्या न्यूकी इथल्या मत्स्यालयात २००९ मध्ये खडक काढल्यावर चार फुटांचा किडा सापडला होता, तोवर पोवळी कोण खातंय याचा पत्ता नव्हता.

स्टोमाटेला ही गोगलगाय तर जुन्या टाकीची ओळखच म्हणावी. शंख कानासारखा चपटा आणि अंगापेक्षा लहान, रात्री पळते एवढी जोरात की गोगलगाय वाटत नाही, आणि धरली तर पायाचा मागचा भाग तोडून टाकून निसटते. टाकीतच पिल्लं होतात. ॲस्टरिना तारामासा नखाएवढा, हात कमी-जास्त, कारण तो मधून तुटून दोन होतो आणि उरलेले हात पुन्हा फुटतात. दोनाचे दोनशे कधी झाले कळत नाही. बहुतेक शेवाळच खातात, पण काही झोआवर बसून त्या कुरतडतात, तेव्हा सरसकट चांगला किंवा वाईट असा शिक्का मारून उपयोग नाही, रात्री बघावं कोण कशावर बसलंय. व्हर्मेटिडबद्दल मात्र दुमत नसावं. ही एका जागी चिकटलेली नळीतली गोगलगाय चिकट जाळं सोडते, ते पोवळ्यावर पडलं की पोवळं आक्रसतं. नळी मोडायची, तोंडावर सुपरग्लूचा थेंब, विषय संपला. एप्टेशिया या तपकिरी समुद्रफुलाला असं चिरडायला जाऊ नये, बुडाचा तुकडा राहिला तरी त्यातून नवं उगवतं. बर्घिया नावाची छोटी बिनशंखाची गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते, ते संपलं की तीही उपाशी मरते, म्हणून ती एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिरवावी लागते.

आणि काचेवर दोन-तीन मिलीमीटरचा, आकार बदलत सरकणारा धुरकट ठिपका दिसला तर तो ट्रायकोप्लॅक्स असू शकतो. तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत, जगातल्या सगळ्यात साध्या प्राण्यांत याची गणना. फ्रान्झ आइलहार्ड शुल्झे यांना तो १८८३ मध्ये ऑस्ट्रियात ग्राझला सापडला, आणि समुद्रात नाही, खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातच! समुद्रापासून लांब राहणाऱ्या शौकिनांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मुद्दाम आणायचे विचित्र जीव वेगळे, पण तेही जुन्या टाकीतच टिकतात. मँडरिन मासा दिवसभर पॉड वेचत फिरतो, नव्या टाकीत सोडला तर आठवड्यांत खंगतो, आणि दुकानदार हे सांगेलच असं नाही. हार्लेक्विन झिंगा निव्वळ तारामासे खातो, ॲस्टरिना फार झाले म्हणून आणतात आणि ते संपल्यावर त्याला काय घालायचं हा प्रश्न उभा राहतो. पॉमपॉम खेकडा, लिबिया, नखाएवढाच, दोन्ही नांग्यांत एकेक समुद्रफूल धरून ते शत्रूपुढं नाचवतो, आणि एक हरवलं तर उरलेल्याचे फाडून दोन करतो, २०१७ मध्ये संशोधकांनी हे नोंदवून ठेवलंय. पिस्टल झिंगा एक नांगी अशी मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आवाज त्या फुटण्याचा असतो (२००० मध्ये सिद्ध झालं), घरात मात्र ‘काच तडकली का?’ म्हणून सगळे उठून बसतात. त्याला नीट दिसत नाही, तो बीळ खणतो आणि गोबी मासा दारात बसून राखण करतो.

इकडची खरी अडचण उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर, टाकीला हवं २४ ते २७. चिलर महाग आणि वीजही खातो, पण हवा कोरडी असल्यामुळं पाण्यावर साधे पंखे लावले तरी बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात, मुंबईच्या दमट हवेत हेच पंखे कमी पडतात. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज चार-पाच लिटर सहज उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याचीच, आणि बोअरचं जड पाणी आरओतून काढताना लिटरमागं दोन-तीन लिटर वाया जातं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ लातूरवर आली होती, अशा भागात हा शौक म्हटल्यावर घरच्यांचं बोलणं ऐकावंच लागतं. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी-भांड्यांना चालतं, टाकीतून काढलेलं खारं पाणी मात्र झाडांना अजिबात घालू नये. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, टाकायचा, दिवे नंतर, कारण पाणी थांबलं की ऑक्सिजन घटून रात्रीतून सगळं मरतं.

जुनेपणाचे तोटेही आहेत. टाकी हे बंद बेट, काही जाती हळूहळू नाहीशा होतातच, मग पुन्हा कुणाची तरी मूठभर वाळू आणावी लागते. खोल वाळूत खाली काळा थर आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो, तो एकदम उपसू नये. माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध या टाकीत घातलं की झिंगे, गोगलगाई, किडे गेलेच समजा. आणि झोआ-पॅलिथोआ लागलेला खडक कधीच उकळू नये, पॅलिटॉक्सिन हे जबर विष वाफेबरोबर हवेत जातं, परदेशात यानं अख्खी कुटुंबं दवाखान्यात पोचली आहेत.

कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली दगडी पोवळी, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि मोठे ट्रायडॅक्ना शिंपले २००१ मध्ये पहिल्या अनुसूचीत, सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत घातले गेले, म्हणजे दुकानात दिसले तरी हात लावायचा नाही. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना २०२२ च्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पॉड, स्टोमाटेला, स्पायरॉर्बिस यांना असली कुठलीही नोंद लागत नाही.