क्रूझ सहलीसाठी लेन्सची निवड

क्रूझ सहलीसाठी लेन्सची निवड म्हणजे समुद्रपर्यटनाला निघताना कॅमेऱ्याबरोबर कोणत्या लेन्स न्यायच्या आणि कोणत्या घरी कपाटात ठेवायच्या, हे ठरवणे. डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा बाळगणाऱ्या प्रत्येक हौशी छायाचित्रकाराला हा प्रश्न पडतो. ताडोब्याला निघालेला माणूस डोळे मिटून टेली, म्हणजे लांबचे जवळ आणणारी लेन्स, उचलतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याचे बहुतेक काम २४-७० मिमीच्या लेन्समध्ये भागते (मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितके दृश्य जवळ येते). क्रूझवर मात्र सकाळी हिमनदी, दुपारी बंदरातली गल्ली, संध्याकाळी देवमासा आणि रात्री अंधारे नाट्यगृह, असे सगळे एकाच सहलीत समोर येते. शिवाय जहाज गाठण्यासाठी आधी विमानाने जावे लागते. भारतातल्या देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला बहुधा ७ किलोची मर्यादा असते आणि लेन्स चेक-इन बॅगेत टाकण्याच्या लायकीची वस्तू नव्हे.

सगळी निवड एका गोष्टीवर उभी आहे: जहाजावर पायांनी जवळ जाता येत नाही. जमिनीवर ५० मिमीची एकच लेन्स घेऊन निघालेला माणूस चार पावले पुढे-मागे होऊन चौकट जमवतो. डेकवर कठडा जिथे संपतो तिथे आपली हद्द संपते आणि पुढचे अंतर कॅप्टन ठरवतो. म्हणून जमिनीवर प्राइम, म्हणजे एकाच मापाच्या, लेन्सचा कितीही अभिमान असला, तरी समुद्रावर झूम लेन्सच कामाला येते. दिवसाच्या लख्ख प्रकाशात एफ/१.४ सारख्या मोठ्या अपर्चरची, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राची, फारशी गरजही भासत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). (या नोंदीतली मिलिमीटरची मापे फुल फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या, कॅमेऱ्याची आहेत. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर त्यांना १.५ ने, कॅननच्या बाबतीत १.६ ने, आणि आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर असेल तर २ ने भागावे.)

हे नीट समजून घ्यायला अलास्काच्या इनसाइड पॅसेजची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बेटांमधून जाणाऱ्या जलमार्गाची, सफर सर्वांत उपयोगी. सिॲटल किंवा व्हँकुव्हरहून उन्हाळ्यात निघणारी जहाजे केचिकन, जुनो, स्कॅग्वे ही बंदरे घेतात आणि त्यांतली काही ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात शिरतात. तिथे दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबते आणि सावकाश जागच्या जागी वळते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना ती दिसते. हिमनदीचे तोंड सुमारे १.६ किमी रुंद आहे आणि पाण्यावर साधारण ७५ मीटर उंच.

इतके भव्य दृश्य, म्हणजे वाइड लेन्स हवी, असे बहुतेकांना वाटते. थोडे गणित मांडून पाहावे. जहाज ८०० मीटरवर आहे असे धरले, तर २४ मिमीच्या लेन्सने ७५ मीटरची ती भिंत सेन्सरवर जेमतेम सव्वादोन मिमी उंचीची उमटते. सेन्सरची उंची २४ मिमी असते. म्हणजे फोटोत खाली करडे पाणी, वर करडे आकाश आणि मधे पांढरी दोरी. डोळ्यांनी पाहताना छातीत धस्स झाले होते, ते फोटोत कुठेच नसते. तीच भिंत २०० मिमीच्या लेन्सने जवळपास १९ मिमी उंच येते. मग बर्फातली निळाई दिसते, उभ्या भेगा दिसतात आणि भिंतीसमोरून एखादा पक्षी उडत गेला तर त्या ठिपक्यावरून उंचीचा अंदाजही येतो. अख्खी हिमनदी हवी असेल, तर ७० मिमीच्या आसपास झूम ठेवून, कॅमेरा उभा धरून, सहा-सात फोटो शेजारीशेजारी घ्यावेत आणि घरी जोडावेत. भव्यता दाखवायला इथे टेलीच लागते.

बर्फाचा कडा कोसळतानाचा फोटो घेण्यातही अंतराचाच अडसर असतो. प्रकाश लगेच पोचतो, आवाज ८०० मीटर यायला दोन सेकंदांहून जास्त घेतो. गडगडाट ऐकून कॅमेरा वळवणाऱ्याला फक्त उसळलेले पाणी मिळते. आधी बारीक तुकडे सुटू लागलेला भाग हेरून तिथे लेन्स रोखून थांबावे लागते, आणि त्या वेळी लेन्स बदलत बसलेल्या माणसाचा क्षण गेलाच म्हणून समजावे.

देवमाशांचे गणित वेगळे. अलास्कात हंपबॅक देवमाशापासून होडीने किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, अंतर राखणे कायद्याने बंधनकारक आहे. पूर्ण वाढलेल्या हंपबॅकची शेपटी साधारण साडेचार मीटर रुंद धरली, तर १०० मीटरवरून २०० मिमीच्या लेन्सने ती ३६ मिमी रुंदीच्या चौकटीचा पाव भाग व्यापते आणि ४०० मिमीने अर्धा. खोल बुडी मारण्याआधी पाठीची कमान होते, मग शेपटी वर येते, तिच्या कडेवरून पाण्याच्या धारा लागतात आणि खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग दिसतात. हे डाग प्रत्येक देवमाशाचे निराळे असतात आणि अभ्यासक त्यांवरूनच एकेक देवमासा ओळखतात. ते टिपायचे तर ४०० मिमीला पर्याय नाही. मात्र हे जुनोहून सुटणाऱ्या छोट्या होडीचे झाले. मोठ्या जहाजाच्या डेकवरून देवमासा सहसा अर्ध्या किलोमीटरवर असतो आणि तिथे ४०० मिमीनेही शेपटी चौकटीच्या दहाव्या हिश्शाएवढीच येते. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवून दुर्बीण उचलावी.

मग ६०० मिमी का नको? वजनामुळे. सोनीची २००-६०० लेन्स २,११५ ग्रॅमची आहे. हलत्या होडीत तासभर ती हातात धरली की खांदे बोलू लागतात. कॅननची आरएफ १००-५०० सुमारे १,३७० ग्रॅमची, तर त्यांचीच आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची. तिचे अपर्चर एफ/५.६-८ असे लहान आहे, पण अलास्कात जूनमध्ये जवळपास १८ तास दिवस असतो आणि आताचे सेन्सर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत वाढवणे सहज सोसतात. क्रूझपुरता हलक्या, कमी अपर्चरच्या टेलीचा सौदा फायद्याचाच आहे. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरते. पण उसळणारा देवमासा गोठवायचा तर १/१००० सेकंदाचा शटर स्पीड हवाच. आधारासाठी कठड्यावर कोपरे टेकू नयेत, कारण इंजिनाची थरथर लोखंडातून थेट लेन्समध्ये उतरते. याच कारणाने ट्रायपॉडचाही डेकवर उपयोग नसतो.

टेलीच्या जोडीला दुसरी लेन्स हवी ती २४-१०५ किंवा २४-१२० सारखी सर्वसाधारण झूम. बंदरातले जवळजवळ सगळे काम ती करते: केचिकनच्या क्रीक स्ट्रीटवरची ओढ्यावर खांबांवर उभी असलेली लाकडी घरे, स्कॅग्वेहून खिंडीत चढणारी १९०० साली पूर्ण झालेली नॅरोगेज आगगाडी, जेवणाच्या टेबलाभोवतीचे घरचे लोक. या दोन लेन्स म्हणजे क्रूझची खरी शिदोरी. ज्याला एकच न्यायची आहे त्याने २४-२०० सारखी सुपरझूम घ्यावी. निकॉनची ५७० ग्रॅमची आहे आणि तिने हिमनदी उत्तम निघते; फक्त देवमाशाच्या डागांवर पाणी सोडावे लागते.

अल्ट्रा वाइड लेन्स घरी ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. केबिनचा फोटो, लिफ्टचा चौक, पोहण्याचा तलाव यांसाठी मोबाइलची ०.५ एक्स लेन्स पुरते. नॉर्वेचा गेयरांगर फियोर्ड मात्र याला अपवाद. १५ किमी लांबीच्या त्या चिंचोळ्या खाडीत दोन्ही बाजूंचे कडे आणि ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा इतके जवळ येतात की १६ मिमीचे चीज होते. नॉर्वेच्याच हिवाळी सफरीत ध्रुवीय प्रकाश पाहायचा असेल, तर सगळा हिशेब उलटतो. जहाज हलत असल्याने दहा-पंधरा सेकंदांचे एक्स्पोजर देता येत नाही. एक-दोन सेकंदांत काम उरकावे लागते. तिथे २० मिमी एफ/१.८ सारखी वाइड प्राइम पहिल्यांदा बॅगेत पडते.

रात्रीच्या कार्यक्रमांसाठी ५० मिमी एफ/१.८ खिशात टाकावी. तिचे वजन आणि किंमत दोन्ही किरकोळ.

मराठी प्रवाशाला जवळची क्रूझ म्हणजे मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोव्याला आणि पुढे लक्षद्वीपला जाणारी. हा समुद्र वेगळा आणि इथली लेन्सची दुखणीही वेगळी. मुंबई सोडताना दक्षिण मुंबईची रांग, प्राँग्जचे दीपगृह आणि खांदेरी-उंदेरी यांच्यासाठी १०० ते २०० मिमी पुरे. जहाज बहुधा उशिरा दुपारी किंवा संध्याकाळी सुटते, त्यामुळे प्रकाश लवकर ओसरतो हे लक्षात ठेवावे. दुपारी तापलेल्या पाण्यावर हवा थरथरत असली, तर लांबची होडी कितीही महाग लेन्सने वितळल्यासारखीच येते. त्यावर उपाय एकच, सकाळी लवकर उठणे.

एसी केबिनमधून थंड लेन्स घेऊन दमट डेकवर आले की पुढची काच दुधासारखी पांढरी होते. पुसली की पुन्हा धुके धरते आणि या खटपटीत सूर्योदय निघून जातो. डेकवर जाण्याआधी अर्धा तास बॅग चेन लावून बाल्कनीत किंवा बाहेरच्या मार्गिकेत ठेवावी. लेन्स बॅगेतच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येते. वाऱ्यात डेकवर लेन्स बदलू नये. खारट तुषार सेन्सरपर्यंत पोचले तर ते घरी साफ होत नाहीत.

लक्षद्वीपला मोठे जहाज प्रवाळभिंतीबाहेर थांबते आणि माणसे छोट्या होडीतून बेटावर जातात, जसे कोकण बोटीच्या काळी लोक पडावातून किनारा गाठत. उतरताना एका हाताने दोर किंवा खलाशाचा हात धरावा लागतो, म्हणून कॅमेऱ्यावर एकच लेन्स आणि तीही २४-१०५ सारखी, बाकी सगळे बंद पिशवीत. लगूनचा, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्याचा, हिरवा-निळा रंग हवा असेल, तर तिच्यावर पोलरायझिंग फिल्टर लावावा. पाण्याकडे साधारण ३७ अंशांच्या उतारात पाहिले की तो पृष्ठभागावरची चकाकी जास्तीत जास्त कापतो आणि तळाची वाळू, प्रवाळ वर येतात. त्याच्यापायी एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), पण तिथल्या उन्हात त्याची उणीव जाणवत नाही. रात्री केबिनमध्ये लेन्सचे अंग गोड्या पाण्यात किंचित ओल्या केलेल्या फडक्याने टिपावे. कोरड्या फडक्याने चोळले तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात.