जुनी डीएलएल नव्या एक्सेलमध्ये चालवताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकचे आराखडे करणारे, जळगावातले पाइपवाले, धुळ्याकडचे जिनिंगवाले अशा अनेकांकडे वर्षानुवर्षे तपासलेलं गणित एका जुन्या डीएलएल फाइलमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येणाऱ्या तयार फंक्शन्सची फाइल) आहे. फोर्ट्रान किंवा सी भाषेत लिहिलेलं, मूळ प्रोग्राम बहुधा हरवलेला. नवा संगणक आला की एक्सेलची शीट ती फाइल उचलत नाही, आणि कुणीतरी सांगतं, ‘फेकून द्या, सगळं नव्याने लिहू.’ एवढी घाई करू नका.

आधी एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल उघडून ऑफिस ३२ बिटचं आहे की ६४, ते पाहा. ऑफिस २०१९ पासून साधारणपणे ६४ बिटच बसतं, आणि जुन्या डीएलएल बहुतेक ३२ बिटच्या. ३२ बिटची डीएलएल ६४ बिटच्या एक्सेलमध्ये थेट चालत नाही. मॅक्रोच्या (शीटमागच्या, एक्सेलच्या व्हीबीए भाषेतल्या प्रोग्रामच्या) डिक्लेअर ओळीत, म्हणजे डीएलएलची ओळख देणाऱ्या ओळीत, ‘पीटीआरसेफ’ घातला की चालेल, हा गैरसमज आम्हाला वारंवार भेटतो. ऑफिस २०१० मध्ये आलेला तो शब्द फक्त ओळ स्वीकारली जावी म्हणून लागतो, त्याने डीएलएल बदलत नाही. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचं ऑफिस व्यवस्थित चालतं, म्हणून सर्वांत स्वस्त उपाय तोच. ते शक्य नसेल तर डीएलएल एका वेगळ्या ३२ बिटच्या प्रोग्राममध्ये ठेवून एक्सेलने त्याच्याकडून उत्तर मागवायचं, अशी जोडणी आम्ही करून देतो.

एरर ५३ म्हणजे फाइल सापडत नाही. ती समोर दिसत असूनही हा एरर आला, तर तिला लागणारी दुसरी एखादी डीएलएल नव्या संगणकावर आलेली नाही का, ते बघावं. ४५३ आला तर फाइल मिळाली, पण आतलं फंक्शन त्या नावाने नाही.

एरर आला तर निदान कळतं. खरी भीती चुकीच्या उत्तराची. फोर्ट्रानमधला साधा रिअल (दशांश आकडा) ४ बाइटचा असतो, व्हीबीएमधल्या सिंगलसारखा, आणि व्हीबीएमधला डबल ८ बाइटचा. फोर्ट्रान आकड्याचा मेमरीतला पत्ता घेतं, त्यामुळे सिंगलच्या जागी डबल दिला तरी एक्सेल तक्रार करत नाही, भलताच आकडा वाचला जातो. इंटिजरचंही (पूर्णांकाचंही) तसंच: व्हीबीएमध्ये २ बाइट, फोर्ट्रानमध्ये सहसा ४, म्हणून तिथे लाँग द्यावा लागतो. सी मध्ये लिहिलेली फंक्शन्स बहुधा पत्ता नव्हे, किंमतच मागतात. तिथे डिक्लेअर ओळीत ‘बायव्हॅल’ (किंमतच पाठव, असं सांगणारा शब्द) विसरू नये. चुकीचा आकडा किती महागात पडतो ते पाहा: पाइपमधली दाबाची घट काढायच्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रात व्यासाचा घात ४.८७ आहे. व्यास निम्मा वाचला गेला तर घर्षणाने होणारी दाबाची घट सुमारे २९ पट दिसेल, आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याच्या सबमेनचा (ठिबकच्या उपमुख्य पाइपचा) खर्च ठरतो.

म्हणून जुन्या संगणकावरची उत्तरं आणि नवी उत्तरं शेजारी ठेवून जुळल्याशिवाय आम्ही काम हातावेगळं करत नाही. येताना डीएलएल, तिच्यासोबतच्या सगळ्या फाइल्स, मॅक्रोसह मूळ शीट आणि जुनं मॅन्युअल असेल तर तेही आणा. आणि आमचं काम होईपर्यंत जुना संगणक फॉरमॅट करू नका, भंगारातही देऊ नका.